एलईडी इंडिकेटर आणि फ्लॅशरची चाल

मोटारसायकलवरचे बल्बचे इंडिकेटर काढून एलईडी बसवले की बहुतेक वेळा एकच तक्रार उभी राहते. बटण डावीकडे किंवा उजवीकडे सरकवताच दिवा नेहमीच्या संथ चालीने उघडझाप न करता दुप्पट वेगाने फडफडू लागतो. काही गाड्यांवर तो फडफडत नाही, पण मिटतही नाही, नुसता पेटून राहतो. दिवा खराब निघाला असे समजून तो दुकानात बदलून आणला जातो आणि दुसराही तसाच वागतो. दिव्यात बहुधा काहीच बिघडलेले नसते. कारण असते ते सीटखाली किंवा टाकीखाली दडलेल्या फ्लॅशर नावाच्या लहानशा डबीत. खरे पाहता फ्लॅशरही बिघडलेला नसतो. त्याला नेमून दिलेले काम तो चोख करत असतो, फक्त ते काम बल्बच्या हिशेबाने ठरलेले असते.

भारतात विकल्या जाणाऱ्या बऱ्याच मोटारसायकलींच्या इंडिकेटरमध्ये १२ व्होल्ट, १० वॅटचा बल्ब असतो. मोठ्या इंजिनाच्या आणि आयात केलेल्या अनेक गाड्यांवर तो २१ वॅटचा असतो. एका बाजूला पुढचा आणि मागचा असे दोन बल्ब एकदम पेटतात. १० वॅटची जोडी धरली तर एकूण २० वॅट, म्हणजे १२ व्होल्टवर साधारण १.७ अँपिअर प्रवाह. २१ वॅटच्या जोडीला तोच प्रवाह ३.५ अँपिअर लागतो. एलईडी इंडिकेटरला मात्र १ ते ३ वॅट पुरतात, त्यामुळे जोडी मिळून ०.२ ते ०.५ अँपिअरच्या पुढे सहसा जात नाही. प्रवाहातली ही मोठी तफावत हेच या तक्रारीचे मूळ.

आजच्या बऱ्याच गाड्यांवर इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर असतो. त्याच्या पोटात एक चिप, एक छोटा रिले आणि काही मिलिओहम रोधाचा एक तुकडा असतो, ज्याला शंट म्हणतात. इंडिकेटरचा सगळा प्रवाह या शंटमधून जातो. प्रवाह जितका जास्त, तितका शंटच्या दोन टोकांमधला व्होल्टेजचा फरक जास्त. दर खेपेला दिवा पेटला की चिप हा फरक तपासते. दोन्ही बल्ब शाबूत असले तर तो पुरेसा भरतो, एक बल्ब उडाला तर निम्म्यावर येतो. फरक ठरलेल्या मर्यादेखाली गेला की चिप उघडझापीचा वेग दुपटीच्या आसपास नेऊन ठेवते. ही सोय चालवणाऱ्यासाठी आहे. मागचा दिवा त्याला दिसत नाही, पण मीटरमधल्या दिव्याची लगबगीची उघडझाप पाहून एखादा बल्ब गेल्याचे त्याला लगेच कळते. संयुक्त राष्ट्रांच्या वाहननियमांनाही अशी सूचना मान्य आहे: इंडिकेटर बंद पडला तर मीटरमधल्या दिव्याने विझावे, अखंड पेटून राहावे किंवा आपला वेग ठळकपणे बदलावा.

एलईडी लावल्यावर चिपला ०.३ अँपिअरसारखा क्षीण प्रवाह दिसतो. त्यावरून ती बल्ब उडाल्याचा निष्कर्ष काढते आणि वेग वाढवते. फडफड म्हणजे तिने दिलेला इशाराच.

जुन्या गाड्यांवरचा फ्लॅशर वेगळ्या तत्त्वावर चालतो. त्यात दोन धातूंची जोडपट्टी असते. प्रवाहामुळे ती तापते, वाकते आणि संपर्क तुटतो. थंड झाली की सरळ होते आणि दिवा पुन्हा पेटतो. या पट्टीला वाकवायला बल्बइतका प्रवाह लागतो. एलईडीच्या प्रवाहाने ती पुरेशी तापतच नाही, म्हणून दिवा पेटतो तो पेटूनच राहतो. कपॅसिटर आणि गुंडाळी वापरणारे जुने जपानी पद्धतीचे फ्लॅशरही बल्बच्या भारावर अवलंबून असतात. त्यामुळे लक्षणावरूनच फ्लॅशरची जात बरीचशी ओळखता येते. दिवा फडफडला तर फ्लॅशर इलेक्ट्रॉनिक, आणि गोठून राहिला तर बहुधा जोडपट्टीचा किंवा कपॅसिटरचा.

योग्य वेग कोणता, हे कायद्यानेच ठरवून दिले आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०२ प्रमाणे इंडिकेटरचा दिवा अंबर म्हणजे नारिंगी झाक असलेल्या पिवळ्या रंगाचा हवा आणि त्याची उघडझाप मिनिटाला ६० पेक्षा कमी नाही व १२० पेक्षा जास्त नाही अशी हवी. युरोपातला आकडाही तोच, फक्त तो ९० अधिक-उणे ३० असा लिहितात. घड्याळ समोर ठेवून १५ सेकंदांतल्या उघडझापी मोजाव्यात. त्या १५ ते ३० च्या दरम्यान असल्या तर गाडी नियमात बसते. डोळ्यांना ८० ते ९० ची चाल सर्वांत स्पष्ट वाटते. दिवा फार संथ असला तर नेमक्या नजर टाकण्याच्या क्षणी तो विझलेला सापडतो. हा दिखाऊपणाचा मुद्दा नव्हे. रस्त्यावर आपण कुठे वळणार हे सांगण्याचे दुचाकीस्वाराकडे हाताखेरीज एवढेच एक साधन असते.

काही सामान आणण्याआधी दोन-तीन गोष्टी तपासल्या तर पुष्कळ वेळ वाचतो. बल्ब असतानाच वेग चुकत होता का, हे आधी आठवावे. बॅटरी मल्टिमीटरने पाहावी. इंजिन बंद असताना चांगल्या बॅटरीवर साधारण १२.६ व्होल्ट आणि इंजिन थोडे रेस केल्यावर १३.५ ते १४.५ व्होल्ट दिसायला हवेत. त्याहून महत्त्वाचा आहे अर्थ, म्हणजे चेसिसमार्गे प्रवाहाची परतीची वाट. मूळ इंडिकेटरची दांडी धातूची असेल तर अनेकदा तिच्या बोल्टमधूनच अर्थ मिळत असतो. एलईडी इंडिकेटरची दांडी बहुधा रबराची असते आणि अर्थासाठी वेगळी वायर बाहेर काढलेली असते. ती वायर चेसिसच्या रंगवलेल्या भागावर स्क्रूखाली दाबून टाकली तर रंगाच्या थरामुळे अर्थ धड लागत नाही. मग दिवा मंद पेटतो, कधी पेटतो कधी नाही, आणि दोष फ्लॅशरच्या माथी मारला जातो. तिथला रंग खरवडून उघडा धातू दिसू द्यावा, किंवा त्याहून बरे म्हणजे वायरिंगमधल्याच अर्थाच्या वायरीला जोड द्यावा. कोकणपट्टीत पावसाळ्यानंतर कपलर उघडले तर पितळी पिनांवर हिरवट थर हमखास दिसतो. तो साफ केल्याशिवाय पुढचे कोणतेही निदान भरवशाचे नसते.

वायरींच्या रंगावरूनही गोंधळ होतो, कारण प्रत्येक घराण्याची रीत निराळी. होंडाच्या पद्धतीत उजव्या इंडिकेटरची वायर फिकट निळी, डाव्याची केशरी, फ्लॅशरकडून स्विचकडे जाणारी करडी, आणि अर्थ हिरवा. हिरो होंडाच्या काळापासून हिरोच्या अनेक गाड्यांतही हीच रीत दिसते. यामाहात उजवी गडद हिरवी, डावी चॉकलेटी आणि अर्थ काळा. सुझुकीत उजवी पोपटी, डावी चक्क काळी आणि अर्थ काळ्यावर पांढरी रेघ असलेला. सुझुकीची काळी वायर म्हणजे अर्थ असे समजून जोडली तर डाव्या इंडिकेटरचा थेट शॉर्ट होतो आणि फ्यूज उडतो. शिवाय एलईडी एकाच दिशेने प्रवाह घेतो. बल्बच्या दोन वायरी उलटसुलट जोडल्या तरी चालते, एलईडीच्या उलट्या जोडल्या तर तो पेटत नाही.

वेगावरचा खरा उपाय म्हणजे फ्लॅशर बदलणे. एलईडीसाठी बनवलेल्या फ्लॅशरचा ठोका त्याच्या आतल्या सर्किटवर ठरतो, दिव्याच्या प्रवाहावर नाही. समोर एक एलईडी असो की चार, चाल तीच राहते. काही फ्लॅशरवर वेग कमी-जास्त करायला बारीक स्क्रूही दिलेला असतो. जुना फ्लॅशर शोधण्याची सोपी रीत म्हणजे इंडिकेटर चालू करून सीटखाली, बाजूच्या पॅनेलमागे आणि टाकीच्या पुढच्या भागात कान लावायचा. टिकटिक जिथून येते तिथे रबरी कव्हरात लटकवलेली काळी डबी सापडते. बोटांना तिचा ठोकाही जाणवतो.

डबीला दोन पिना आहेत की तीन, हे मग पाहायचे. दोन पिनांच्या फ्लॅशरवर बी म्हणजे बॅटरीकडून येणारी आणि एल म्हणजे दिव्यांकडे जाणारी पिन. तिसरी असेल तर ती बहुधा ई, म्हणजे अर्थ. काही जुन्या फ्लॅशरवर तिसऱ्या पिनेवर पी असते आणि ती मीटरमधल्या दिव्याकडे जाते. जर्मन पद्धतीत याच पिनांना ४९, ४९ए आणि ३१ असे क्रमांक आहेत. बाहेरून हुबेहूब सारख्या दिसणाऱ्या दोन फ्लॅशरवर पिनांचा क्रम वेगवेगळा असू शकतो, म्हणून कपलरमध्ये नुसता घट्ट बसला यावर विसंबू नये.

बी आणि एल ओळखण्याची एक पक्की पद्धत आहे. फ्लॅशर उपसून काढावा, चावी चालू करावी, टेस्ट लॅम्पची क्लिप चेसिसच्या उघड्या धातूला लावावी आणि टोक कपलरच्या एकेका खाचेला टेकवावे. दिवा लागला ती बी. आता वायरीच्या छोट्या तुकड्याने बी आणि एल यांचा थेट सांधा करावा आणि इंडिकेटरचे बटण डावीकडे ढकलावे. डावीकडचे पुढचे-मागचे दोन्ही एलईडी लखलखीत आणि स्थिर पेटले, मग उजवीकडचेही पेटले, तर वायरिंग, स्विच आणि अर्थ सगळे ठीक आहे आणि बदलायचा तो फक्त फ्लॅशर. एखादा दिवा मंद पेटला किंवा पेटलाच नाही, तर कितीही चांगला फ्लॅशर आणला तरी उपयोग होणार नाही. मल्टिमीटरपेक्षा इथे टेस्ट लॅम्प बरा. गंजलेल्या जोडातूनही मीटर १२ व्होल्ट दाखवू शकतो, पण टेस्ट लॅम्पला पेटायला खरा प्रवाह लागतो, त्यामुळे कच्चा जोड तिथेच उघडा पडतो.

दोन पिनांच्या जागी दोन पिनांचा एलईडी फ्लॅशर सरळ बसतो, फक्त त्याला बी-एलची दिशा पाळावी लागते. उलटा लावला तर तो चालत नाही. दोन पिनांच्या रचनेची एक मर्यादा आहे. फ्लॅशरच्या आतल्या सर्किटला चालायला थोडा प्रवाह लागतो आणि स्वतंत्र अर्थ नसल्यामुळे तो दिव्यांमधूनच जातो. बल्बला या प्रवाहाने काही होत नाही. एलईडी मात्र इतक्यावरही पेटतो, म्हणून उघडझापीच्या मधल्या वेळेत तो पूर्ण विझत नाही, अंधारात निखाऱ्यासारखा मंद दिसत राहतो. यावर दोन उपाय. एक, तीन पिनांचा फ्लॅशर घेऊन त्याच्या ई पिनेला चेसिसवरून वेगळी अर्थाची वायर द्यायची. दुसरा, एलईडीच्या दोन वायरींमध्ये १ किलोओहम, अर्ध्या वॅटचा रेझिस्टर समांतर जोडायचा, म्हणजे तो क्षीण प्रवाह एलईडीऐवजी त्यातून निघून जातो. जागा मिळत असेल तर पहिलाच उपाय करावा. एक वायर जास्त ओढावी लागते, पण दुखणे मुळातून जाते.

फ्लॅशर बदलला, वेगही सुधारला, पण डावे बटण दाबले की चारही इंडिकेटर एकदम उघडझाप करतात, असेही घडते. मीटरमध्ये डाव्या-उजव्यासाठी मिळून एकच सूचक दिवा असलेल्या गाड्यांचे हे दुखणे आहे. या दिव्याचे एक टोक डाव्या वायरीला आणि दुसरे उजव्या वायरीला जोडलेले असते, त्याला वेगळा अर्थ नसतोच. डावी बाजू चालू असताना प्रवाह मीटरच्या दिव्यातून उजवीकडच्या वायरीत जातो आणि उजव्या बल्बांच्या तारेतून अर्थ गाठतो. थंड बल्बचा रोध इतका कमी की तो बल्ब पेटत नाही, पेटतो फक्त मीटरमधला दिवा. हिकमतीची रचना आहे, पण ती बल्बवरच चालते. त्या जागी एलईडी आला की तो तेवढ्याशा प्रवाहावरही उजळतो आणि विरुद्ध बाजूही बोलू लागते. रस्त्यावर हा प्रकार धोक्याचा, कारण गाडी कुठे वळणार हेच मागच्याला कळत नाही.

त्यासाठी १एन४००७ जातीचे दोन डायोड पुरतात. मीटरच्या दिव्याची दोन्ही टोके मूळ जागेवरून सोडवायची. डाव्या वायरीतून एक आणि उजव्या वायरीतून एक असे दोन डायोड काढून त्यांची पट्टी असलेली टोके एकत्र बांधायची, तो जोड दिव्याच्या एका टोकाला द्यायचा आणि दुसऱ्या टोकाला अर्थ. मग कोणतीही बाजू चालू केली तरी मीटरचा दिवा लागतो, पण एका बाजूचा प्रवाह दुसरीकडे शिरत नाही. जोड सोल्डर करून त्यावर हीट श्रिंक नळी चढवावी. नुसत्या इन्सुलेशन टेपचा चिकटपणा इंजिनाच्या उष्णतेने काही महिन्यांत सुटतो.

वेगाच्या तक्रारीवर बाजारात जास्त खपणारा उपाय म्हणजे रेझिस्टर, आणि तो नाइलाज असेल तेव्हाच करावा असा आहे. एलईडीच्या समांतर रेझिस्टर जोडला की फ्लॅशरला बल्बइतका प्रवाह दिसतो आणि त्याची चाल पूर्ववत होते. तराजूत माल कमी भरला म्हणून पारड्यात धोंडा ठेवावा तसा हा प्रकार. हिशेब सोपा आहे. इंजिन चालू असताना १३.८ व्होल्ट धरले, तर १० ओहमच्या रेझिस्टरमधून १.३८ अँपिअर जातात आणि १९ वॅट उष्णता होते, म्हणजे १० वॅटच्या दोन बल्बांइतकी. त्यामुळे १० वॅटचे बल्ब असलेल्या गाडीला प्रत्येक बाजूस मिळून ८ ते १० ओहमचा एकच रेझिस्टर पुरतो. दुकानात मात्र सहसा ६ ओहम, ५० वॅटचा सोनेरी ॲल्युमिनियमच्या कवचातला रेझिस्टर हातात पडतो आणि पुढे-मागे मिळून चार लावायला सांगितले जाते. तो २१ वॅटच्या बल्बांचा हिशेब. ६ ओहमचा एक रेझिस्टर पेटलेल्या वेळात जवळपास ३२ वॅट उष्णता टाकतो आणि निम्मा वेळ बंद धरला तरी सरासरी १६ वॅट होतात. चार पार्किंग दिवे, म्हणजे चारही इंडिकेटर एकदम लावून गाडी रस्त्याकडेला उभी राहिली तर असे चार रेझिस्टर लहान बॅटरीचा चट्टामट्टा करतात.

कवचावर ५० वॅट लिहिले असले, तरी ते धातूच्या मोठ्या पृष्ठभागावर घट्ट बसवले असतानाचे आहे. मोकळा लटकणारा रेझिस्टर काही मिनिटांत १०० अंश सेल्सिअसच्या पुढे जातो. तो प्लॅस्टिकच्या मडगार्डला केबल-टायने बांधला तर प्लॅस्टिक वितळते, वायरींच्या जुडग्यात खुपसला तर त्यांचे आवरण. चेसिसच्या धातूवर दोन स्क्रूंनी, पेट्रोलच्या नळीपासून लांब आणि वारा लागेल अशा जागी तो बसवावा. सर्रास होणारी चूक म्हणजे रेझिस्टर एलईडीच्या वायरीत मधोमध, एकसर जोडणे. त्याने फ्लॅशरला प्रवाह वाढलेला न दिसता आणखी कमी दिसतो. एक टोक इंडिकेटरच्या चालू वायरीला आणि दुसरे अर्थाला, हीच त्याची जागा. वायरीला चिमटा मारणारे निळे क्लिप-जोड या कामाला वापरू नयेत. पाणी शिरून ते गंजतात, आणि इथे प्रवाह थोडाथोडका नसतो.

एका गोष्टीत मात्र दोन्ही उपाय सारखेच उणे आहेत. एलईडी फ्लॅशर प्रवाह मोजतच नाही, आणि रेझिस्टर लावलेल्या गाडीत एलईडी मेला तरी रेझिस्टर प्रवाह ओढतच राहतो. म्हणजे दिवा गेल्याची जी सूचना मूळ फ्लॅशर देत असे ती कायमची गेली. एलईडी बल्बपेक्षा पुष्कळ जास्त टिकतो, पण पडझडीत दांडीतली वायर तुटू शकते. आठवड्यातून एकदा चारही दिवे डोळ्यांनी पाहून घेणे हाच त्यावर तोडगा.

पूर्ण इंडिकेटर न बदलता जुन्याच काचेमागे एलईडी बल्ब बसवणारेही बरेच असतात. तिथे वेगाच्या प्रश्नाबरोबर बैठकीचा आणि रंगाचा प्रश्न येतो. साध्या बल्बच्या बैठकीच्या दोन खुंट्या समोरासमोर असतात, तर अंबर रंगाच्या बल्बच्या थोड्या तिरप्या, म्हणून एक दुसऱ्याच्या होल्डरमध्ये बसत नाही. अंबर काचेमागे पांढरा एलईडी लावला तर प्रकाश फिका पडतो, कारण पांढऱ्या एलईडीत त्या रंगाचा वाटा कमी असतो. तिथे अंबर एलईडीच हवा. कॅनबस म्हणून विकल्या जाणाऱ्या एलईडी बल्बांच्या पोटातच रेझिस्टर असतो. त्यांना वेगळे जोडकाम लागत नाही, पण सगळी उष्णता बंदिस्त प्लॅस्टिकच्या खोक्यात कोंडली जाते आणि एलईडीचे आयुष्य त्यानेच घटते. ओळीने पेटत जाणाऱ्या धावत्या इंडिकेटरची अडचण आणखी वेगळी. मिनिटाला ९० उघडझापींत दिवा दर वेळी जेमतेम एक तृतीयांश सेकंद पेटतो. तेवढ्यात सगळी ओळ पूर्ण व्हायला हवी. फ्लॅशर फडफडत असेल तर पहिले दोन-तीन ठिपकेच लागतात आणि ओळ अर्धवट तुटते.

अलीकडच्या बऱ्याच गाड्यांत मात्र फ्लॅशरची डबी शोधूनही सापडत नाही. तिचे काम मीटरमधली किंवा सीटखालची नियंत्रण-पेटी करते. बीएमडब्ल्यूच्या कॅन-बस असलेल्या अनेक मोटारसायकलींवर ही पेटी प्रत्येक इंडिकेटरचा प्रवाह वेगळा तपासते आणि तो कमी दिसला तर मीटरवर दिवा गेल्याची खूण दाखवते. इथे फ्लॅशर बदलण्याचा मार्गच बंद. कंपनीने त्याच मॉडेलसाठी एलईडी इंडिकेटर दिलेले असतील तर ते घ्यावेत आणि अधिकृत केंद्रात पेटीच्या प्रणालीत तशी नोंद करून घेता येते का हे विचारावे. ते शक्य नसेल तर उरतो तो रेझिस्टर, आणि तोही प्रत्येक दिव्याला स्वतंत्र व मूळ बल्बच्या वॅटाशी जुळणारा. अशा गाडीत वायर कापून तात्पुरते सांधे मारू नयेत. मूळ कपलरला जुळणारे जोड मिळतात, ते वापरले तर वॉरंटीचा वादही उद्भवत नाही.

कोणतीही वायर सोडण्याआधी बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल काढून ठेवावे. काम आटोपल्यावर पॅनेल लावण्याची घाई करू नये. आधी इंजिन बंद ठेवून दोन्ही बाजूंचा वेग मोजावा, मग इंजिन चालू करून, हेडलाइट पेटलेला असताना आणि ब्रेक दाबून पुन्हा मोजावा. मंद चालीवर आणि रेस केल्यावर आकड्यांत फारसा फरक पडता कामा नये. पडला तर अर्थ किंवा बॅटरी पुन्हा पाहावी. चार पार्किंग दिव्यांचे बटण असेल तर तेही पाच मिनिटे चालू ठेवावे, आणि रेझिस्टर लावले असतील तर त्या वेळात त्यांच्या आसपासचे प्लॅस्टिक आणि वायरी हाताने चाचपून पाहाव्यात. स्वतः रेझिस्टरला हात लावू नये, तो भाजण्याइतका तापलेला असतो.